मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते का?

‘वर्षाचे सामान एकदम भरा, मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरत असतो. वाशीच्या घाऊक बाजारातून पोते आणून चौघांत वाटून घेणाऱ्या घरांचा अनुभव तसा असल्याने तो खरा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ‘नेहमीच’ हा शब्द त्यात बसत नाही.

पहिली गोष्ट दराची. बहुतेक पाकिटांवर कमाल किमतीजवळ प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दरही छापलेला असतो. तो ताडून पाहिल्यास शाम्पूच्या पुड्या पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त निघतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, कारण खरा दर विकत घेतलेल्या नव्हे, तर वापरलेल्या मालावर ठरतो. समजा, रव्याचे 1 किलोचे पाकीट 50 रुपयांना आणि 5 किलोचे 225 रुपयांना आहे, म्हणजे किलोमागे 5 रुपये वाचले. पण त्यातला एक किलो टाकून द्यावा लागला, तर उरलेला रवा किलोला 56 रुपये 25 पैशांना पडतो. ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत हे अवघड नाही: रव्यात जाळी धरते, शेंगदाण्यांना खवट वास येतो. (आमच्या माळ्यावरचा डबा याला साक्षी आहे.) मीठ, साखर मात्र कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत खुशाल साठवावी.

पडताळा घरीच घेता येतो. पाकीट फोडल्याची तारीख त्यावर पेनाने लिहावी, संपल्याची दिनदर्शिकेवर नोंदवावी. दोन-तीन पाकिटांतच घराचा खरा खप कळतो.