पार्श्वभूमी : पुण्यातली वसंतातली मॅरेथॉन आणि सुटण्याच्या वेळेचा तंटा

थंडी ओसरली की पुण्यातला धावण्याचा हंगाम आवरता घेतला जातो. शहराची जुनी आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन डिसेंबरात, मुंबईची जानेवारीत, आणि शिमग्यानंतर रस्त्यावरच्या मोठ्या शर्यती विरळ होत जातात. तरीही फाल्गुन-चैत्रात फुल, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन, घ्यावी का, हा प्रश्न धावणाऱ्यांच्या गटांत पुन्हा पुन्हा निघतो. चर्चा ‘ऊन फार असतं’ इथे सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. शर्यत किती वाजता सोडायची आणि रस्ता किती वाजता वाहनांना खुला करायचा, या दोन वेळांवर मात्र फारसं कुणी बोलत नाही. वसंतातल्या शर्यतीचं बरंवाईट त्यावरच ठरतं.

वसंतात लांब धावायची प्रथा थंड मुलखातली. अथेन्सची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन १० एप्रिल १८९६ रोजी झाली, अंतर सुमारे ४० किलोमीटर, सुटली दुपारी दोनला. पुढच्याच वर्षी १९ एप्रिलला बॉस्टनची सुरू झाली, ती आजही एप्रिलमध्येच होते. तिथे कित्येक दशकं सगळे भर दुपारी बारा वाजता सुटत. २००७ पासून ही वेळ सकाळी दहाच्या आसपास आली. म्हणजे शंभरहून जास्त वर्षं वेळ ठरली ती प्रेक्षकांच्या आणि रिवाजाच्या सोयीने. धावणाऱ्याच्या अंगाचा विचार त्यात नव्हता. १९०४ मध्ये सेंट लुईसला ऑगस्टातल्या उन्हात दुपारी तीनला ३२ जण सुटले, त्यातले १४ पोहोचले. १९१२ मध्ये स्टॉकहोमला जुलैच्या उन्हात एक तरुण धावपटू कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. एवढं होऊनही दुपारची वेळ लगेच बदलली नाही.

पुण्याचा या इतिहासाशी संबंध लवकर आला. १९१९ मध्ये डेक्कनवरच्या एका क्रीडा मेळाव्यात शेतकरी घरांतली मुलं अनवाणी लांब पल्ला पळताना एका उद्योगपतीने पाहिली आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय पथक पाठवण्याची कल्पना पुढे आली. तिथली मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. बेळगावचा एक धावपटू २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावा आला. या कामगिरीची आठवण शहरात जेवढी ठेवली जायला हवी होती, तेवढी राहिलेली नाही.

त्यानंतर मोठा टप्पा १९८३ चा. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन त्या वर्षी सुरू झाली आणि पुढे डिसेंबरचा पहिला रविवार ही तिची ओळख बनली. मुंबईची आताची मोठी मॅरेथॉन २००४ मध्ये पहिल्यांदा झाली ती फेब्रुवारीच्या मध्यावर. पुढच्याच वर्षी ती जानेवारीत आली. बंगळुरूची प्रसिद्ध शर्यत बरीच वर्षं मे महिन्यात झाली खरी, पण ती दहा किलोमीटरची. सावकाश धावणाराही दीड तासात मोकळा होतो. हा दीड तास आणि सावकाश धावणाऱ्याला फुलला लागणारे सहा तास यांतला फरक लक्षात घेतला, तर ‘बंगळुरूला जमतं, पुण्याला का नाही?’ हा नेहमीचा दाखला फारसा टिकत नाही.

आता वेळेचा मुद्दा. पुण्यात मार्चमध्ये दुपारचं तापमान पस्तिशीच्या पुढे जातं, पण पहाटे पारा सोळा-सतरा अंशांवर असतो. एप्रिलमध्ये दुपारी ३७-३८, पहाटे विशीच्या आसपास. पहाटेचे हे आकडे धावायला वाईट नाहीत. मुंबईच्या जानेवारीतली दमट सकाळ याहून जड जाते, हे दोन्हीकडे धावलेला कुणीही सांगेल. म्हणूनच वसंतातल्या शर्यतीचे समर्थक म्हणतात, पहाटे पाचला सोडा, काही अडचण नाही.

अडीच तासांत फुल संपवणाऱ्याला खरोखरच अडचण नाही. तो साडेसातला अंतिम रेषेवर असतो. एप्रिलच्या मध्यावर सूर्य सव्वासहाच्या थोडा पुढे उगवतो, म्हणजे या धावपटूला जेमतेम सवा तासाचं ऊन लागतं, तेही कोवळं. सहा तास घेणारा मात्र अकराला पोहोचतो. त्याची शेवटची दहा-बारा किलोमीटर तापलेल्या डांबरावर, बिनसावलीच्या रस्त्यावर आणि उघडलेल्या ट्रॅफिकमध्ये जातात. बिबची, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाची, फी दोघांनी सारखीच भरलेली असते.

साडेनऊच्या सुमाराला सिंहगड रस्त्यासारख्या रस्त्यावर ३३-३४ व्या किलोमीटरला काय दिसतं, ते एकदा उभं राहून पाहावं. पाण्याचं टेबल घडी करून टेम्पोत चढलेलं असतं. निळं पिंप पालथं पडलेलं, खाली कागदी ग्लासांचा चेंदामेंदा आणि संत्र्याच्या साली. स्पंजची बादली असली तर तळाला, तेही कोमट पाणी. टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटलेला धावणारा तिथे थांबतो, इकडेतिकडे बघतो आणि रस्त्याकडेच्या टपरीवर पाण्याची बाटली मागतो. मागून पीएमपीची बस हॉर्न देत असते. शर्यतीचा कटऑफ, म्हणजे ती पूर्ण करायची मुदत, अजून संपलेला नसतो.

जगातही हा वाद गेल्या काही वर्षांतच उघड झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सोडली. ६८ जणी सुटल्या, ४० पोहोचल्या. मध्यरात्र होती, ऊन नव्हतं, पण दमट उष्म्याने अंगातली उष्णता बाहेर पडेना. पुढच्याच महिन्यात टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उत्तरेला सापोरोला हलवायचं ठरलं. टोकियोकरांना ते पटलं नव्हतं. आणि २०२१ मध्ये सापोरोतही महिलांची शर्यत सकाळी सातऐवजी सहाला सोडायचं आदल्या संध्याकाळी ठरवावं लागलं.

या निर्णयांमागे एक मोजमाप असतं. ओल्या फडक्यातल्या तापमापीला ७० टक्के, उन्हाची झळ मोजणाऱ्या काळ्या गोळ्यातल्या तापमापीला २० टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला १० टक्के वजन देऊन एक आकडा काढतात. तो २८ अंशांच्या वर गेला तर लांब पल्ल्याची शर्यत घेऊ नये, असं क्रीडावैद्यकात सर्वसाधारणपणे धरतात. पुण्याचा चैत्र कोरडा असल्याने ओल्या फडक्याचं तापमान कमी भरतं आणि एकूण आकडा दिलासा देणारा दिसतो. पण आठनंतर काळा गोळा भराभर तापतो. पहाटे मैदानात घेतलेल्या एका मोजमापावर सहा तासांची शर्यत सोडणं मला धोक्याचं वाटतं. हे मोजमाप मार्गावर, शेवटच्या टप्प्यात, तासातासाला व्हायला हवं. कोरड्या हवेची आणखी एक फसवणूक म्हणजे घाम लगेच उडून जातो आणि किती गेला ते धावणाऱ्याला कळतच नाही.

त्यात पुण्याच्या वसंताची गोष्ट बॉस्टनहून वेगळी आहे ती तयारीमुळेही. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. मार्चमध्ये फुल धावणाऱ्याचे लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचे सराव, डिसेंबर ते फेब्रुवारीत, खडकवासल्याच्या किंवा पाषाणच्या गारठ्यात झालेले असतात. उन्हाची सवय अंगाला लागलेलीच नसते. मे महिन्यात तेच अंतर तोच माणूस कदाचित जास्त सांभाळून धावेल.

पाण्याबद्दलही एक जुना गैरसमज उलट्या टोकाला गेला आहे. एकेकाळी शर्यतीत पाणी पिणं दुबळेपणाचं मानत. नंतर ‘तहान लागण्याआधी प्या’ हा मंत्र आला. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावणाऱ्यांचं रक्त तपासलं, तर १३ टक्के लोकांत सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. चार तासांहून जास्त वेळ घेणारे आणि धावताना वजन वाढलेले लोक त्यात पुढे होते. म्हणजे इथेही सोसणारा सावकाश धावणाराच. त्याला पाणी हवं, मीठही हवं आणि ओळीने दहा ग्लास पाजणाऱ्या प्रेमळ स्वयंसेवकापासून थोडं जपायलाही हवं.

मग सगळ्यांना पहाटे तीन-चारलाच का सोडत नाहीत? डिसेंबरातली फुलही आता अंधारातच सुटते, त्यामुळे ही मागणी वावगी वाटत नाही. पण चारला सुटायचं तर हडपसर किंवा भोसरीहून अडीचला निघावं लागतं. त्या वेळी मेट्रो नसते, बस मिळणं मुश्कील आणि एकट्या बाईने रिक्षात बसायचं तर घरचे जागेच राहतात. पोलिसांचा बंदोबस्त रात्रपाळीचा होतो, स्वयंसेवक मध्यरात्रीपासून उभे राहतात. अंधारात खड्डे आणि स्पीड ब्रेकर दिसत नाहीत. चारची वेळ उन्हापासून सोडवते, हे खरं. तिची किंमत महिला आणि लांब राहणारे लोक मोजतात, आणि ते सुद्धा बहुतेक सावकाश धावणाऱ्यांतलेच.

तारखांचीही ओढाताण आहेच. तिथीची शिवजयंती, गुढीपाडव्याच्या शोभायात्रा, रामनवमी, १४ एप्रिल, रविवारच्या स्पर्धा परीक्षा. पालखी आणि विसर्जन यांच्यासाठी हे शहर रस्ते बंद ठेवतं आणि ते योग्यच आहे. शर्यत त्यातले काही तासच मागते, तरी साडेआठ वाजले की चौकाचौकांत बॅरिकेड सरकवायची घाई सुरू होते.

म्हणून मला सगळ्यात पटतो तो फेऱ्यांचा मार्ग. सात-आठ किलोमीटरची, झाडांखालून जाणारी फेरी, शक्य असेल तर एखाद्या मोठ्या आवारातून, आणि तीच पाच-सहा वेळा. कंटाळवाणी होते, अशी तक्रार येते. वेगवान धावणाऱ्यांना मागच्यांना ओलांडत जावं लागतं, हेही खरं. पण पाण्याची टेबलं शेवटपर्यंत जागेवर राहतात, एक रुग्णवाहिका सगळीकडे पोहोचते आणि शहराचा हमरस्ता अडवावा लागत नाही. लांब सरळ मार्गच हवा असेल, तर रस्ता घड्याळाप्रमाणे न उघडता शेवटच्या धावणाऱ्यामागच्या गाडीप्रमाणे टप्प्याटप्प्याने उघडावा आणि प्रत्येक टेबल ती गाडी पुढे गेल्यावरच उचलावं, एवढी अट परवानगीतच लिहून घ्यायला हवी.