आकड्यांच्या आधी समीकरण

८ + ४ = □ + ५ हे गणित प्राथमिक शाळेतल्या मुलांना दिलं, तर बरीच मुलं चौकटीत १२ लिहितात. काही जण दिसेल ते सगळं मिळवून १७ लिहितात. बेरीज त्यांना येत असते, पण ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये हे चिन्ह छापलं, तेव्हा समान लांबीच्या दोन समांतर रेघाच निवडल्या. याहून सारख्या दोन गोष्टी सापडणार नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं.

मुलांनाही हे चिन्ह लांबीतूनच भेटू द्यावं. मॉस्कोच्या ९१ क्रमांकाच्या शाळेत डॅनिल एल्कोनिन आणि वासिली दाविदोव या मानसशास्त्रज्ञांनी पहिलीचा क्रमच उलटा केला. तिथे लांबी, क्षेत्रफळ, वजन यांची तुलना आधी होते आणि ती अक्षरांत लिहिली जाते. संख्या नंतर येतात.

घरी किंवा वर्गात करायचं तर जाड कागदाच्या १८, १२ आणि ६ सेंमी लांबीच्या पट्ट्या कापा. रुंदी सगळ्यांची २ सेंमीच ठेवा, नाहीतर मूल रुंद पट्टीलाच ‘मोठी’ म्हणतं. मापं मुलांना सांगू नका आणि फूटपट्टीही लपवा. टेबलावर एक उभी रेघ काढून १८ आणि १२ सेंमीच्या पट्ट्यांची डावी टोकं तिला टेकवा. सहा वर्षांच्या आतलं मूल बहुतेकदा पुढे आलेल्या टोकाकडेच पाहतं, म्हणून ही रेघ टाळू नका. फळा आणि दार यांसारख्या न हलणाऱ्या वस्तूंची तुलना करायला दोरा लागतो. तो सुतळीचा घ्या; लोकर ताणली जाते आणि निकाल फिरतो.

लांब पट्टीची लांबी क, आखूड पट्टीची ख. आधी वहीत दोन रेषाखंड काढायचे, मग त्यांच्याशेजारी क > ख लिहायचं. पेन्सिलीला प आणि दोऱ्याला द अशी अक्षरं देऊ नका. मग प म्हणजे पेन्सिलच असं मूल धरून चालतं, आणि तिची लांबी राहते बाजूला.

आता ख च्या पुढे तिसरी पट्टी जोडून दोन्ही टोकं जुळवा. तिची लांबी ग. क = ख + ग. तीच गोष्ट ख + ग = क अशीही लिहून घ्या, आणि क − ग = ख, क − ख = ग हेही. पट्ट्या हलवत प्रत्येक विधान करून दाखवायला लावा. ‘उत्तर’ डावीकडे आलं की काही मुलं थबकतात. तिथे घाई करू नये.

खरी मजा पुढे आहे. क च्याच लांबीची आणखी एक पट्टी कापून मुलांच्या हातात द्या आणि सांगा: या लांब पट्टीचा तुकडा कापून आखूड पट्टीला जोडा, दोन्ही सारख्या करा. मुलं फरकाएवढा अख्खा तुकडा कापतात, म्हणजे ग. पट्ट्यांची फक्त अदलाबदल होते: १८ ची १२ आणि १२ ची १८. हसू येतं, मग शोध सुरू होतो. ग ची पट्टी मधोमध दुमडली की कळतं, निम्माच द्यायला हवा. दोन्ही १५. हे आधी सांगून टाकलं तर सगळा धडा वाया.

आकडा यानंतर. ६ सेंमीची पट्टी एकक धरली तर क = ३, ख = २. एकक ३ सेंमीचं केलं तर क = ६, ख = ४. कोणी क मोठ्या एककाने मोजतो, ख लहान एककाने, आणि ‘४ मोठे, म्हणून ख लांब’ असं ठासून सांगतो. त्याला चूक म्हणू नका. दोन्ही पट्ट्या पुन्हा त्या उभ्या रेघेला टेकवायला सांगा, आणि मग विचारा: चार कशाचे, तीन कशाचे?