ड्युटी रूमची खिडकी

मृगाच्या सरी संपून आर्द्रा लागल्या की बेळगाव-खानापूरकडचा पाऊस झड धरतो. कणकुंबी, जांबोटी भागात तर आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही. घरांच्या खिडक्या मिटतात तशा दवाखान्यांच्याही मिटतात. पाणी आत येतं, केसपेपर भिजतात, पेशंटना गारठा लागतो, म्हणून मावशी दिवस मावळायच्या आधीच सगळं लावून घेतात. नेमक्या ह्याच दिवसांत, साधारण जुलै ते सप्टेंबर, आपल्याकडे फ्लूची मोठी लाट असते. एक सिस्टर तापानं पडते, दोन-तीन दिवसांनी दुसरी, मग वॉर्डबॉय, मग लॅबमधला टेक्निशियन. ड्युटीचा तक्ता कोलमडतो आणि उरलेल्यांच्या वाट्याला डबल ड्युटी येते. त्या थकलेल्या माणसांच्या हाती अतिदक्षता विभागातला पेशंट असतो. म्हणून कर्मचाऱ्यांचा आजार ही फक्त त्यांची घरगुती अडचण राहत नाही.

"पेशंटकडून लागलं," असं सगळे म्हणतात. पुष्कळदा ते खरंही असतं. पण कोव्हिडच्या काळात अनेक देशांतल्या रुग्णालयांनी लागणीच्या साखळ्या बारकाईनं शोधल्या, तेव्हा कर्मचाऱ्याकडून कर्मचाऱ्याला अशा साखळ्याही बऱ्याच सापडल्या. जागा कुठल्या, तर जेवायची खोली, कपडे बदलायची खोली, पाळी बदलताना जिथं घोळका होतो ती ड्युटी रूम. पेशंटजवळ जाताना आपण मास्क लावतो, सावध असतो. चहाचा कप हातात आला की मास्क हनुवटीवर येतो, आणि समोरची आपलीच मैत्रीण असल्यामुळे भीतीही नसते. फ्लूची बाधा झालेला माणूस ताप चढायच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू बाहेर टाकू लागतो, कोव्हिडमध्ये दोन दिवस आधीपासून. दारात ताप मोजून आत सोडलं, तरी हा माणूस सुटतोच.

आता हवेकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथं आहे. बोलताना, खोकताना तोंडातून सगळ्या मापांचे थेंब उडतात. शंभर मायक्रॉनचा, म्हणजे एक दशांश मिलिमीटरचा थेंब दीड मीटर उंचीवरून पाचेक सेकंदांत खाली येतो. पाच मायक्रॉनच्या थेंबाला तेवढंच अंतर उतरायला स्थिर हवेत अर्धा तास लागतो. एक मायक्रॉनच्या कणाला बारा तास, आणि पंखा चालू असेल तर तो खाली बसेल याचीही खात्री नाही. निपाणीकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: बंद खोलीच्या एका कोपऱ्यात कुणी विडी ओढली, तर दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्याच्या नाकात धूर जातोच, मध्ये सहा फूट ठेवा नाहीतर बारा. बारीक कणांतून जाणारा विषाणू असाच पसरतो. गोवरानं तर कमाल केली आहे. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेतून लागण होऊ शकते.

ही हवा साफ व्हायला किती वेळ लागतो, याचं गणित ठरलेलं आहे. खोलीतली हवा तासाला बारा वेळा बदलत असेल, तर तरंगणारे ९९ टक्के कण निघून जायला २३ मिनिटं लागतात. सहा वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटं. झडीच्या दिवसांत सगळं लावून घेतलेल्या खोलीत हवा तासाला जेमतेम एकदा बदलते असं धरलं, तर साडेचार तासांहून जास्त. म्हणजे सकाळच्या पाळीतल्या सिस्टरचा खोकला दुपारच्या पाळीतल्या सिस्टरला भेटतो. दोघींची गाठही पडलेली नसते.

याचा सगळ्यात बोलका धडा २००३ साली व्हिएतनाममधल्या हनोई शहरानं दिला. सार्स या श्वसनाच्या विषाणूजन्य आजाराच्या त्या साथीत जगभर ८,०९६ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले १,७०६ आरोग्य कर्मचारी होते, पाचातला एक. व्हिएतनाममध्ये ६३ रुग्ण झाले, निम्म्याहून अधिक दवाखान्यातलेच कर्मचारी. हनोईच्या एका खासगी रुग्णालयात आलेल्या एका रुग्णापासून हे सुरू झालं. आजार नवा आणि घातक आहे हे ओळखून जगाला सावध करणारे डॉक्टर कार्लो अर्बानी स्वतःच त्या आजारानं २९ मार्चला गेले. त्याच शहरातल्या बाख माई या सरकारी रुग्णालयातही सार्सचे रुग्ण ठेवले होते, आणि तिथं एकाही कर्मचाऱ्याला लागण झाली नाही. प्रशस्त खोल्या, उंच छत, सताड उघड्या खिडक्या. सगळं श्रेय खिडक्यांना देणं बरोबर होणार नाही. रुग्ण तिथं पोचेपर्यंत सगळे सावध झाले होते, मास्क आले होते. पण हवा हे एक मोठं कारण होतं, असं मला पुढचा पुरावा पाहून वाटतं.

तो पुरावा पेरूच्या लिमा शहरातला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या आठ रुग्णालयांतल्या खोल्यांची हवा मोजली होती. दारं-खिडक्या उघडल्यावर हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. त्याच्या तुलनेत यंत्रानं हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा. आणि उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या पन्नास वर्षांहून जुन्या इमारतींत हा आकडा ४० पर्यंत गेला, नव्या इमारतींत १७.

आपल्याकडच्या कॅम्पातल्या किंवा मिशनच्या जुन्या कौलारू इमारती आठवा. कौलांच्या फटी, छताजवळचे झरोके, आणि चारी बाजूंनी व्हरांडा. हा व्हरांडा फार शहाणपणाचा आहे, कारण झड त्याच्यावर अडते आणि आतली खिडकी भर आषाढात उघडी ठेवता येते. नव्या इमारतीत व्हरांडा जातो, भिंतीच्या अंगाला लागून सरकती खिडकी येते. ती पूर्ण उघडली तरी अर्धीच उघडते. वर एसी बसला की तीही बंद. भिंतीवरचा साधा एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तीच हवा गार करून पुन्हा तोंडावर सोडतो. छताचा पंखाही फक्त ढवळतो. हे माहीत नसल्यामुळे एसी लावलेली ड्युटी रूम चांगली हवेशीर आहे, अशी समजूत होते. मला तरी हे कर्मचाऱ्यांच्या तब्येतीला सगळ्यात महाग पडणारं अज्ञान वाटतं.

मग पावसात काय करायचं? आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या खिडक्या लावाव्या लागतात हे मान्य. पण पूर्वेकडच्या उघड्या ठेवता येतात. पश्चिमेला छज्जाखालचा झरोका थोडा उघडा असला की हवा आत येते आणि पूर्वेनं बाहेर जाते. एकाच बाजूची खिडकी उघडून फारसं काही होत नाही, हवेला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी लागते. खिडकीच नसेल तर एक्झॉस्ट फॅन. पण दार-फट सगळं बंद ठेवून तो लावला, तर तो नुसता घरघरतो. डासांची भीती खरी आहे, त्याला जाळी. जाळीनं हवा थोडी अडते, तरी बंद काचेपेक्षा कितीतरी बरी.

ह्यात एक धोकाही आहे. हवा कुठून कुठं जाते हे न पाहता खिडकी उघडली, तर वॉर्डातली हवा थेट ड्युटी रूममध्ये येऊ शकते. ती जायला हवी उलटी: आधी कर्मचारी, मग पेशंट, मग बाहेर. तपासायला यंत्र लागत नाही. टिश्यूपेपरची बारीक पट्टी दाराच्या फटीशी धरा, ती ज्या बाजूला झुकेल तिकडं हवा जाते. उदबत्तीच्या धुरानंही कळतं, पण ऑक्सिजन चालू असलेल्या ठिकाणी काहीही पेटवायचं नाही, म्हणून कागदच बरा. थोडा खर्च करता आला तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं मीटर घ्यावं. बाहेरच्या हवेत तो दशलक्षात सुमारे ४२० भाग असतो, आपल्या उच्छ्वासात चाळीस हजारांच्या आसपास. ड्युटी रूममध्ये आकडा दीड हजारावर गेला, तर आपण एकमेकांची श्वासातून सोडलेली हवा ओढतोय एवढं समजून घ्यावं. आठशेच्या खाली असेल तर निवांत चहा प्या.

मास्कबद्दल थोडंच सांगतो. निळा सर्जिकल मास्क गालापाशी उघडा असतो, हवा तिथून जाते. एन-९५ बारीक कण अडवतो तो धाग्यांवरच्या विद्युतभारामुळे, नुसत्या चाळणीसारखा नव्हे. म्हणून तो साबणानं धुतला किंवा त्यावर सॅनिटायझर मारला की तो दिसतो तसाच, पण बारीक कण पूर्वीइतके अडवत नाही. दाढी असेल तर कडेनं गळतो.

हात धुणं सोडायचं नाही. जुलाबाचा नोरोव्हायरस आणि डोळे येण्याच्या साथीतले ॲडिनोव्हायरस यांना स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे त्यांच्यावर सॅनिटायझर कमी चालतो. तिथं साबण आणि पाणीच. सुई टोचून होणाऱ्या हिपॅटायटिस बीची वाट पूर्ण वेगळी आहे, त्यावर तीन डोसांची लस आहे, आणि कचरा उचलणाऱ्या मावशींना ती सिस्टरइतकीच लागते. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. आपली लाट पावसाळ्यात येत असल्यामुळे ती एप्रिल-मेमध्येच घेतलेली चांगली. संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे जातात.

आणि रजा. सीमाभागातल्या दवाखान्यांत हा प्रश्न जास्त नाजूक आहे. चंदगडकडची सिस्टर शिनोळीमार्गे बसनं बेळगावला ड्युटीला येते, संध्याकाळी परत जाते. अथणी-कागवाडचा पेशंट मिरजेला जातो, दोडामार्गचा बेळगावला येतो. एका पाळीत विषाणू दोन राज्यांत पोचतो. कायम नोकरीतला माणूस आजारपणाची रजा टाकू शकतो. कंत्राटावरची मावशी एक दिवस आली नाही तर तिचा त्या दिवसाचा पगार जातो, म्हणून ती ताप अंगावर काढून, गोळी घेऊन येते, आणि तिच्याइतका प्रत्येक वॉर्डात दुसरं कुणी फिरत नाही. तिला दोष देता येणार नाही. कंत्राट लिहितानाच पगारी आजाररजेचं कलम घालणं प्रशासनाच्या हातात आहे, आणि एका मावशीच्या तीन दिवसांच्या पगारापेक्षा चार सिस्टर एकदम रजेवर गेल्यावर होणारा खर्च नक्कीच मोठा आहे. तालुक्याच्या नव्या रुग्णालयाचा नकाशा मंजुरीला येईल, तेव्हा अभियंत्याला आणखी दोन प्रश्न विचारता येतील: ड्युटी रूमला समोरासमोर खिडक्या आहेत का, आणि त्यांच्यावरचा छज्जा आपल्या झडीला पुरेल एवढा बाहेर आलाय का.