बोअर कॅमेरा

बोअर कॅमेरा : कूपनलिकेत किंवा जमिनीखालच्या नळात केबलच्या आधाराने उतरवून आतली भिंत, केसिंग (बोअरला आतून बसवलेला नळ), सांधे, झिरे आणि अडकलेल्या वस्तू पडद्यावर पाहण्याचे साधन. गटारांसाठीचा ‘पाइप कॅमेरा’ याच जातीचा. त्याला मऊ केबलऐवजी काचतंतूची लवचिक सळई असते आणि तो लोंबकळत न सोडता पुढे ढकलला जातो. विदर्भाच्या ग्रामीण भागात मात्र हे साधन मुख्यतः बोअरसाठीच वापरले जाते. तालुक्याच्या गावी मोटर काढण्या-बसवण्याचे काम करणारेच ते बाळगतात. पाणी कुठे लागेल हे त्याने कळत नाही. ते काम पाणाड्याचे किंवा भूजलतज्ज्ञाचे. खोदून झालेल्या बोअरमध्ये पाणी कुठून येते, का आटले, मोटर कशात अडकली, एवढेच कॅमेरा दाखवतो.

उगम : या साधनाचा वंश दोन प्रकारे सांगितला जातो. एका मतानुसार त्याचे मूळ वैद्यकातील अंतर्दर्शीत आहे. फिलिप बोझिनी या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मेणबत्ती व आरसे वापरून शरीराच्या पोकळीत प्रकाश नेण्याचे उपकरण केले. पुढे हॉपकिन्स व नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते हे दाखवले. बंदुकीच्या नळ्या व इंजिनांचे सिलिंडर तपासण्याची नळीवजा दुर्बीण याच परंपरेतली. दुसरे मत दूरचित्रवाणीकडे बोट दाखवते. १९५० च्या दशकात छिद्रांत सोडण्याचे छायाचित्रण-कॅमेरे अमेरिकेत वापरात होते आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात, बहुधा १९५७ च्या सुमारास, जर्मनीतील कील येथे गटारे पाहण्यासाठी दूरचित्रवाणी कॅमेरा तयार झाला. पहिल्या मतातील साधनांत पाहणाऱ्याचा डोळा नळीच्या दुसऱ्या टोकालाच असावा लागतो. शंभर मीटर खोल बोअरला ते लागू पडत नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही मतांच्या पाठीराख्यांना २००९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक पुढे करता येईल : ते निम्मे काचतंतूंतून प्रकाश दूरवर नेण्याच्या कामासाठी चार्ल्स काव यांना, तर निम्मे बेल प्रयोगशाळेत १९६९ साली सीसीडी हा प्रतिमा-संवेदक शोधणाऱ्या बॉइल व स्मिथ यांना मिळाले. खेड्यापर्यंत हे साधन पोहोचले ते त्यानंतरच्या स्वस्त सीमॉस संवेदकांमुळे.

रचना : कॅमेऱ्याचे डोके स्टेनलेस स्टीलचे, साधारण ४० ते ७० मिमी जाड; पुढे जाड काच, तिच्याभोवती एलईडी दिव्यांचे कडे, सांध्यांत रबरी ओ-रिंग. काही डोक्यांना बाजूने पाहणारे दुसरे, फिरते भिंग असते. झिरे नीट पाहायचे तर ते हवेच, कारण पुढे पाहणाऱ्या भिंगाला भिंत फार तिरपी दिसते. केबलच्या आत पोलादी तार किंवा केव्हलर या मजबूत धाग्याचा गाभा असतो आणि ओढ त्याने घ्यायची असते, तांब्याच्या तारांनी नव्हे. रीळ, ब्रेक, खोली मोजणारे चाक, पडदा आणि १२ व्होल्टची बॅटरी एवढा बाकी संच.

आयपी ६८ हा पाणी आत न शिरण्याचा शिक्का पाहून पुष्कळ जण निश्चिंत होतात. त्याचा अर्थ ‘एक मीटरहून जास्त पाण्यात, निर्मात्याने सांगितलेल्या खोलीपर्यंत’ इतकाच. ती खोली पुस्तिकेत शोधावी लागते. पाण्याच्या दर दहा मीटरला सुमारे एक बार दाब वाढतो. पाण्याखाली ९० मीटरवर पाच सेंमी. व्यासाच्या काचेवर पावणेदोनशे किलोच्या आसपास भार येतो. ओ-रिंगवर एक केस किंवा मुरमाचा कण बसला तरी या दाबाखाली पाणी आत शिरते. म्हणून डोके उघडले की रिंग काढून पुसावी, बोटाने चाचपून चीर पाहावी आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. बेअरिंगचे ग्रीस लावू नये. रिंग ईपीडीएम रबराची असली तर खनिज तेलाने ती फुगते.

विदर्भातील भूस्तर : अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ व वर्धा जिल्ह्यांचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. त्यात लाव्हाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचे पट्टे येतात. ते पाण्याने सुटतात, तिथे बोअरची भिंत खचून पोकळी होते आणि कॅमेऱ्याचे डोके त्या कपारीखाली अडकते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात गाळाचा खोल थर आणि खारपाणपट्टा. तिथे जाळीचे केसिंग लागते, वाळू शिरते, आणि कॅमेरा वर आल्यावर गोड्या पाण्याने धुतला नाही तर जोडपिना काही दिवसांतच हिरव्या पडतात. पूर्वेकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत कठीण ग्नाइस खडक. त्यात भिंत खचण्याचा त्रास कमी, पण फटी अरुंद आणि खोलवर विखुरलेल्या. काळ्या मातीच्या रानात आणखी एक गोष्ट : उन्हाळ्यात माती भेगाळून केसिंगपासून सुटते, तर पावसात तिवईचा (जिच्यावरून केबल सोडतात त्या तिपायीचा) पाय त्याच जागी खचतो. तिवईखाली फळी टाकावी.

वीज : या कामातला सर्वांत मोठा धोका कॅमेऱ्याच्या १२ व्होल्टचा नाही, मोटरच्या तीन फेजचा आहे. शेतीच्या फीडरला वीज पाळीने येते आणि बहुतेक स्टार्टरवर ‘ऑटो’ बसवलेला असतो. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. मोबाइल स्टार्टर असेल तर घरी बसलेला माणूस फोन लावूनही ती सुरू करतो. मोटर बोअरमध्ये असो वा वर काढून ठेवलेली असो, केबल स्टार्टरला जोडलेली असेपर्यंत हात लावू नये. क्रम असा : ऑटो बंद करणे, मेन स्विच खाली करणे, तीनही किटकॅट (फ्यूज) काढून काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवणे, मोटरच्या तिन्ही तारा स्टार्टरमधून सोडवून टोकांना टेप लावणे. एकच किटकॅट काढला तर बंद मोटर नीट सुरू होत नाही, पण दोन तारांत दाब तसाच राहतो. निऑन टेस्टरवर विसंबू नये. टेस्ट लॅम्प आधी चालू असलेल्या जागी पेटवून पाहावा, मग बंद केलेल्या तारांवर लावावा. स्टार्टरला वळसा देऊन आकडा टाकलेला असेल तर ही सारी बंदोबस्ती फोल ठरते. म्हणून मोटरची तार कुठून कुठे जाते ते डोळ्यांनी पाहून यावे.

सौर कृषिपंपाचे गणित वेगळे. पॅनेलवर ऊन आहे तोवर त्याच्या तारांत डीसी दाब असतो, तो डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) बंद होत नाही. कंट्रोलरजवळचा डीसी आयसोलेटर पाडून, आतल्या कपॅसिटरचा भार उतरण्यासाठी पुस्तिकेत दिलेला वेळ, साधारण पाच मिनिटे, थांबून मगच तारा सोडवाव्यात.

दुसरा विजेचा धोका डोक्यावर असतो. एचडीपीई पाइप ओढताना तो कमान करून उभा राहतो आणि पोलादी पाइप वीस फुटी असतो. वरून ११ केव्हीची तार जात असेल तर पाइप तारेच्या उलट बाजूला, जमिनीलगत ओढून न्यावा. तसे जमत नसेल तर वायरमनकडून लाइन बंद करून घ्यावी. जनरेटर वापरायचा झाल्यास ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच तोडणारा स्विच) लावावा. आभाळात गडगडाट सुरू झाला की काम थांबवावे, तिवई लोखंडी असते.

बोअरचे तोंड : केसिंगवरचे झाकण काढल्यापासून ते परत बसेपर्यंत तोंड उघडे असते आणि बाजूला पोरे जमतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिलेल्या निर्देशांत केसिंगभोवती ०.५० × ०.५० × ०.६० मीटरचा सिमेंटचा ओटा, त्यातला निम्मा भाग जमिनीवर व निम्मा खाली, तसेच वेल्ड केलेले किंवा नटबोल्टने आवळलेले झाकण सांगितले आहे. पंपदुरुस्तीच्या वेळीही कूपनलिका उघडी ठेवू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. चहाला जायचे म्हणून तोंडावर पोते टाकणे हे झाकण नव्हे. कॅमेऱ्याच्या कामासाठी सोपा उपाय म्हणजे मधोमध केबलपुरती खाच असलेली दोन भागांची जाड फळी : केबल आत असतानाही तोंड झाकलेले राहते, आणि पाना-पक्कड आत पडत नाही. हत्यारे मनगटाला दोरीने बांधावीत. आत पडलेला एक पाना सगळे बोअर निकामी करू शकतो.

वायू : बोअर श्वास घेते असे गावात म्हणतात, ते खरे आहे. बाहेरचा हवेचा दाब उतरला की खडकाच्या फटींतली हवा वर येते आणि तिच्यात प्राणवायू कमी असू शकतो. उघड्यावर ती विरून जाते. विहिरीच्या तळाशी किंवा बंद पंपघरात विरत नाही. बोअरच्या तोंडावर तोंड नेऊन आत डोकावू नये. चंद्रपूर-वणीच्या कोळसापट्ट्यात मिथेनची शक्यता धरूनच चालावे. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असताना ठिणगी पुरते, आणि साधा बोअर कॅमेरा स्फोटरोधक नसतो. अशा भागात आधी चार वायूंचा मीटर केसिंगच्या तोंडाशी धरावा, मिथेन खालच्या स्फोटमर्यादेच्या (वरच्या ५ टक्क्यांच्या) १० टक्क्यांवर गेला तर दिवे लावू नयेत, आणि बिडी ओढणाऱ्याला बांधावर पाठवावे. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास थोड्या प्रमाणात येतो, शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास नाक बधिर होऊन तो येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे नाही. मीटर १० पीपीएमला वाजतो. प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली गेल्यास माणसाला आत सोडू नये.

विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायूपुरती काही सांगते : ज्योत साधारण १६-१७ टक्क्यांवर विझते. पण ती विझली नाही म्हणून विषारी वायू नाहीत असे ठरत नाही, आणि मिथेन असेल तर कंदीलच आग लावतो. मीटर सोडून कंदिलावर भर देणे चूक.

हा सगळा मुद्दा आडव्या बोअरसाठी महत्त्वाचा. विहिरीच्या भिंतीत पाण्यासाठी मारलेली ही आडवी छिद्रे पाहायला कारागीर यारीने किंवा पायटांवरून खाली उतरतो. शक्य तोवर उतरूच नये : लांब बांबूला किंवा जीआय पाइपला वरून सळईचा कॅमेरा बांधून छिद्राच्या तोंडाशी नेता येतो. उतरणे अटळ असेल तर अंगभर पट्टे असलेला हार्नेस, वरून धरलेली वेगळी दोरी, वर किमान दोन माणसे, आणि विहिरीत डिझेल इंजिन बंद. इंजिनाचा धूर तळाशी साचतो. आत कोणी कोसळले तर त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेऊ नये. दोरीनेच वर ओढावे.

उतरवणे व अडकणे : मोटर, पाइप, केबल आणि बांधलेली दोरी आधी पूर्ण वर काढावी. साडेसहा इंची बोअरमध्ये चार इंची मोटर असताना एका बाजूला जेमतेम अडीच इंच जागा उरते आणि तिथेच सैल केबलचे वेढे असतात. मोटर काढल्यावर पाणी ढवळून गढूळ होते. किमान एक दिवस थांबावे, नाहीतर पडद्यावर नुसते तपकिरी धुके दिसते. डोके उतरवण्याचा वेग मिनिटाला तीन-चार मीटरहून जास्त नसावा. खोलीच्या चाकाखाली ओली केबल घसरते, म्हणून केबलवर दर दहा मीटरला रंगीत टेपची खूण असावी आणि आकडा त्यावरून पडताळावा.

अडकले की पहिली चूक म्हणजे जोर लावणे. आधी अर्धा-एक मीटर सैल सोडावे, केबल बोटांत धरून चतकोर फिरवावी, पुन्हा हलके ओढावे. कपारीत अडकलेले डोके बहुधा असेच सुटते. वरून पाणी ओतल्यानेही मदत होते. केबल हाताला किंवा कमरेला गुंडाळू नये, तिच्या रेषेत उभे राहू नये : ताणलेली केबल तुटली तर चाबकाप्रमाणे उलटते आणि सुटलेले रीळ बोटे घेते. ट्रॅक्टरला बांधून ओढण्याने कॅमेरा कधी तरी निघतो; बहुतेक वेळा डोके आतच राहते, आणि बोअरही जाते.

ऊन : एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा ४५ च्या वर जातो. उघड्या रानात ठेवलेली काळी पेटी त्याहून कितीतरी जास्त तापते. एलसीडी पडदा आधी काळवंडतो. सावलीत थंड झाल्यावर तो परत येतो, फेकून देऊ नये. लिथियम बॅटरी ४५ अंशांवर चार्ज करू नये. कमी लक्षात येणारी गोष्ट अशी की, साठ अंशांपर्यंत तापलेले डोके एकदम अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात सोडले तर आतल्या हवेचा दाब सुमारे दहाव्या हिश्श्याने उतरतो, काचेवर आतून वाफ धरते आणि कमजोर रिंगमधून पाणी ओढले जाते. डोके आधी बादलीतल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. पेटी उचलण्याआधी खाली पाहावे. सावलीला घोणसही येते.

गटारे : ज्या गावांत भुयारी गटार किंवा सेप्टिक टँकचे नळ आहेत तिथे सळईचा कॅमेरा चालतो. माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात वा टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कॅमेरा आहे म्हणून नंतर माणूस उतरवता येतो, असा त्याचा अर्थ नाही. कोपरापर्यंतचे हातमोजे घालावेत आणि सळई ओढताना ती फडक्याने पुसत यावी.

पिण्याचे बोअर : गटारात गेलेले डोके व केबल पिण्याच्या पाण्याच्या बोअरमध्ये घालू नये, धुऊनही नाही, संच वेगळा ठेवावा. ग्रामपंचायतीच्या बोअरमध्ये कोणताही कॅमेरा उतरवल्यावर पाणी निर्जंतुक करावे लागते. साडेसहा इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे २१ लिटर पाणी मावते. पाण्याचा साठा ६० मीटर असेल तर ते जवळपास १,३०० लिटर होते, आणि लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरले तर ३३ टक्क्यांची ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर सुमारे २०० ग्रॅम लागते. पावडर जुनी, डबा उघडा राहिलेला असेल तर प्रमाण वाढवावे. ती बादलीत कालवून, चोथा खाली बसू देऊन, वरचे पाणीच बोअरमध्ये ओतावे, कारण चोथा झिऱ्यांत बसतो. रात्रभर ठेवून सकाळी मोटर चालवावी आणि वास जाईपर्यंत पाणी टाकीकडे न वळवता नालीला सोडावे. नळाला देण्याआधी ओटी चाचणी (पाण्यात उरलेल्या क्लोरीनची तपासणी) घ्यावी.