पोलादाला पाणी पाजताना

लोहार लालभडक कुऱ्हाड पाण्यात बुडवतो, त्याला आपल्याकडे 'पाणी पाजणे' म्हणतात. भोसरी-चाकणच्या हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये त्याच क्रियेला क्वेंचिंग म्हणतात. अशाच एका शेडमध्ये पाण्यातून काढून टेबलावर ठेवलेला शाफ्ट काही वेळाने 'टक्' असा बारीक आवाज करून की-वेच्या, म्हणजे चाक पक्के बसवण्यासाठी कोरलेल्या खाचेच्या, कोपऱ्यातून तडकलेला मी पाहिला आहे. त्याच्यावर कानस चालेना, इतका तो कडक झाला होता. तरीही तो भंगारात गेला.

सुमारे ०.४ टक्के कार्बन असलेले पोलाद ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. सावकाश थंड केल्यास तो बाहेर पडतो व पोलाद नरमच राहते. एकदम थंड केल्यास मात्र तो जागीच अडकतो, अणूंची मांडणी ताणली जाते आणि मार्टेन्साइट नावाची कडक रचना तयार होते. जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून हे नाव पडले. मार्टेन्साइट कडक असते, पण ते जास्त जागा व्यापते, आणि तडा जाण्याचे मूळ तिथेच आहे. पृष्ठभाग आधी कडक होतो. नंतर गाभा फुगू लागला, की तो बाहेरच्या कवचाला आतून ताणतो.

त्यात वाफेची भर पडते. तापलेल्या जॉबभोवती, म्हणजे थंड करायच्या वस्तूभोवती, पाण्याची वाफ होऊन तिचे पांघरूण तयार होते, आणि वाफ उष्णता फारच कमी वाहून नेते. हे पांघरूण एके ठिकाणी आधी फाटते, खाचेत किंवा भोकात मात्र टिकून राहते. त्यामुळे एकाच जॉबचे दोन भाग वेगवेगळ्या वेगाने थंड होतात. मिठाच्या पाण्यात क्षारांचे कण पृष्ठभागावर फुटून हे पांघरूण लवकर मोडतात. तेल सौम्य असते, म्हणून नाजूक आकारांसाठी बहुधा तेच वापरतात.

साहजिकच, जितके जलद थंड करावे तितका तडा जाण्याचा धोका वाढेल, असे वाटते. युक्रेनमधील निकोलाय कोबास्को यांनी १९६० च्या दशकात दाखवले, की हे एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. अतिशय जलद थंड केल्यास धोका पुन्हा घटतो. पाण्याचे जोरदार झोत वाफेला टिकूच देत नाहीत, त्यामुळे सगळीकडे एकाच वेळी कडक कवच तयार होते. आतला गाभा अजून तप्त असतो; तो निवताना आकसतो आणि कवचाला आत ओढून दाबाखाली ठेवतो. दाबाखालच्या पृष्ठभागाला सहजी तडा जात नाही आणि वारंवार पडणारा भारही तो अधिक काळ सोसतो. माझ्या मते या पद्धतीतली खरी कसोटी थांबण्याच्या क्षणाची आहे: गाभा पूर्ण निवून फुगण्याआधीच झोत बंद करावे लागतात, आणि तो क्षण जॉबच्या जाडीप्रमाणे बदलतो.

पद्धत कोणतीही असो, ठिसूळपणा घालवण्यासाठी पुढे टेंपरिंग, म्हणजे पुन्हा बेताचे तापवणे, करावेच लागते. कडकपणा फारसा गमवायचा नसेल, तर १५० ते २०० अंशांना तासभर किंवा अधिक वेळ ते करतात. क्वेंच केलेला जॉब टेंपरिंगच्या भट्टीत लगेच जायला हवा; टेबलावर पडून राहिला, तर आतला ताण तसाच राहतो आणि तो 'टक्' आवाज केव्हाही होऊ शकतो.