विचारल्याने विचार वाढत नाही

‘जीव द्यावासा वाटतो का, असलं काही कुणाला विचारू नका, नसतं खूळ डोक्यात शिरायचं,’ असं घरातली जाणती माणसंच बजावतात. हेतू चांगला, पण समजूत चुकीची. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१४ साली याच प्रश्नावरचे १३ अभ्यास एकत्र तपासले. आत्महत्येबद्दल थेट विचारल्यामुळे तसे विचार लक्षणीयरीत्या वाढल्याचं एकाही अभ्यासात आढळलं नाही. उलट ते थोडे ओसरत असावेत, असाच कल दिसला.

आपल्याला हे कळायलाच हवं. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता.

खुणा बहुतेकदा साध्या बोलण्यातच असतात. ‘मी नसलो की सुटाल सगळे.’ ‘पोरांकडं लक्ष ठेव.’ झोप उडते, दारू वाढते, माणूस चारचौघांत यायचा थांबतो. जिवापाड जपलेली वस्तू सहज देऊन टाकतो. एक खूण हमखास निसटते. आठवडेच्या आठवडे तळमळणारा माणूस एकाएकी शांत होतो आणि घरच्यांना हायसं वाटतं. कधी त्याला खरंच बरं वाटत असतं, कधी मनाशी निर्णय झालेला असतो. म्हणून तेव्हाही विचारायचं.

आडवळणानं नको. ‘दादा, तू हल्ली झोपत नाहीस, नीट जेवत नाहीस. जीव द्यावासा वाटतो का?’ एवढं विचारून गप्प बसायचं. हे गप्प बसणंच अवघड. आपली जीभ लगेच ‘अरे, लोकांना किती दुःखं असतात’ सुरू करते. ‘बायकापोरांचा विचार कर’ हे तर नकोच. तो त्यांचाच विचार करत असतो, आणि आपण त्यांच्यावर ओझं झालोय असं त्याला पटलेलं असतं.

उत्तर ‘हो’ आलं, तर काही ठरवलंय का, तेही विचारावं. ठरवलं असेल तर क्षणभरही एकटं सोडू नये. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या ८२ जणांशी संशोधक बोलले. विचार येणं आणि कृती यांत जेमतेम १० मिनिटं गेली, असं जवळजवळ निम्म्या जणांनी सांगितलं. म्हणून फवारणीची औषधं, गोळ्यांचा साठा घरातून हलवायचा. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं.

‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. कुणी जीव द्यायचा प्रयत्न केलाच, तर पोलीस केसच्या धास्तीनं दवाखाना टाळू नये. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरतो आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो.

दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे आठवडेही जोखमीचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत, त्यात आपल्या चेन्नईतही, प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, उरलेल्यांना त्याशिवाय तासभर समजावणं आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. पहिल्या गटात २.२ टक्के लोकांनी पुढे आत्महत्या केली, दुसऱ्या गटात ०.२ टक्के.