बॉनेट स्कूप (टर्बो डिझेल पिकअप)

समोरची थंड हवा बॉनेटमधून थेट इंटरकूलरवर (टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारी जाळी) किंवा एअर फिल्टरकडे नेणारे तोंड म्हणजे बॉनेट स्कूप. दुहेरी टेपने चिकटवायचे, खाली भोकच नसलेले प्लास्टिकचे स्कूप निव्वळ शोभेचे. टोयोटा हायलक्स व फॉर्च्युनरच्या ३.० लिटर १केडी-एफटीव्ही इंजिनावरचा किंवा नाशिकच्या महिंद्रा स्कॉर्पिओ आणि तिच्या गेटअवे पिकअपवरचा स्कूप मात्र कामाचा, कारण त्याच्या खालीच इंटरकूलर असतो.

स्कूपमुळे इंजिनात हवा कोंबली जाते, हा लाडका गैरसमज आहे. ताशी १०० किमी वेगाला समोरच्या हवेचा दाब जेमतेम ४६० पास्कल, म्हणजे ०.००५ बारही नाही. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, एक बारच्या (साधारण वातावरणाच्या दाबाइतक्या) पुढे दाब देतो. स्कूपचे खरे काम थंडाव्याचे. ३५ अंशांची हवा टर्बोने २.२ पट दाबली की ती १४० अंशांच्या वर जाते. इंटरकूलरने तीच ६० अंशांवर आणली, तर तेवढ्याच दाबाला सुमारे पाव पट जास्त हवा सिलिंडरात मावते.

इंटरकूलर ग्रिलमागे असेल तर बॉनेट कापण्यात अर्थ नाही. एअर फिल्टरही बहुतेक गाड्यांत मडगार्डकडून बाहेरचीच हवा घेतो.

कापण्याआधी इंटरकूलरवर मातीचे गोळे ठेवून बॉनेट हळू बंद करावे. चेपलेल्या गोळ्याची जाडी म्हणजे उरलेली जागा. इंजिन त्याच्या रबरी माउंटिंगवर (आधारांवर) हलते, म्हणून स्कूपचा कुठलाही कडक भाग २० मिमीहून जवळ नको. बॉनेटच्या आतल्या पट्ट्या, बिजागऱ्या आणि लॉकजवळचा पत्रा कापू नये. कोपऱ्यांना १० मिमीची भोके पाडून मग बारीक दातांच्या जिगसॉने कापावे. चौकोनी कोपऱ्यातून पत्रा चिरत जातो. कडा कानशीने घासून झिंक प्रायमर लावावा, नाहीतर गंज तिथूनच धरतो. स्कूप एम६ बोल्ट, रुंद वॉशर आणि पॉलियुरेथेन सीलंटने बसवावा. तोंड इंटरकूलरच्या जाळीच्या पाव ते एक तृतीयांश क्षेत्रफळाचे पुरते. बॉनेटला चिकटून वाहणारा हवेचा थर मंद असतो, म्हणून तोंड थोडे उंच हवे. पण चालकाची नजर अडेल इतके नको.

काम बिघडते ते बहुधा सीलमध्ये. स्कूप आणि इंटरकूलर यांच्यामध्ये चारही बाजूंनी फोमची पट्टी हवी, बॉनेट बंद केल्यावर ती तिसऱ्या हिश्शाने दबलेली. फट राहिली की हवा जाळीतून जाण्याऐवजी बाजूने निसटते. जाळीखालून बाहेर पडायलाही तिला वाट लागते.

तपासणी सोपी आहे. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरावे, एक टोक इंटरकूलरच्या वर आणि दुसरे खाली न्यावे; नळी शेजारी बसलेल्याने वाचावी. ताशी ८० किमीला नळीच्या दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत सिद्धांताने ३० मिमीपर्यंत फरक मिळू शकतो. चार-पाच मिमीच दिसला तर स्कूप मोठा करू नये, आधी फोम पाहावा.

पावसाळ्यात पाणी सरळ आत येते. इंजेक्टरचे कनेक्टर आणि अल्टरनेटर त्याच्या वाटेत नकोत. स्कूप एअर फिल्टरला जोडला असेल तर फिल्टरच्या डब्याच्या तळाला निचऱ्याचे भोक लागतेच. पाणी सिलिंडरात गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. धुळीच्या रस्त्यावर जाळी लवकर बुजते, ती खालून वर कमी दाबाच्या हवेने साफ करावी. जोराच्या पाण्याने तिच्या पट्ट्या आडव्या होतात.

ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीला स्कूपचा उपयोग शून्य. उलट इंजिनाची धग चढून वरचा इंटरकूलर तापतो, आणि गाडी वेग घेऊन थोडी पळेपर्यंत तो निवत नाही.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच उचलून धरले. म्हणून पत्रा कापण्याआधी आरटीओत विचारावे. कंपनीचेच स्कूपवाले बॉनेट त्याच मॉडेलसाठी मिळत असेल, तर ते बदलून घेणे कापण्यापेक्षा केव्हाही बरे.